कमी पैशात घरचा किराणा कसा बसवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या बचत गटात, बिल्डिंगच्या जिन्यात, गिरणीच्या रांगेत सारखे कुणी ना कुणी विचारतं म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतेय. मी नाशिकची, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत, पण पुणं-सोलापूर-अकोला कुठेही राहत असाल तरी हिशोब फार बदलत नाही. भाव मुद्दाम लिहिले नाहीत, ते पंधरा दिवसांत बदलतात. मापं लिहिली आहेत, भाव तुमच्या दुकानातला घालून बघा.

ताई, सुरुवात कुठून करू? महिन्याला किती लागतं हेच कळत नाही.

मापापासून करा. नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं असं घर धरा, दोन्ही वेळा घरचं जेवण. गहू साधारण 15 किलो लागतो, कारण एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या 35 ते 40 पोळ्या होतात आणि घरात रोज अठरा-वीस पोळ्या सहज जातात. तांदूळ 7-8 किलो. डाळी आणि कडधान्यं मिळून 5 किलो (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणारे). तेल अडीच ते तीन लिटर, साखर 2 किलो, शेंगदाणे दीड किलो, बेसन, पोहे, रवा एकेक किलो, चहा पावडर अर्धा किलोच्या आत, मीठ एक किलो. दूध रोज एक लिटर जमलं तर उत्तम, नाही तर पाऊण. अंडी खात असाल तर एक 30 चा ट्रे.

आता हे कागदावर लिहा, समोर आपल्या वाण्याचा भाव लिहा, बेरीज करा. बऱ्याच जणींना इथेच धक्का बसतो की अरे, मुख्य किराणा तर बजेटमध्ये बसतोय, मग पैसे जातात कुठे? जातात ते या यादीत नसलेल्या गोष्टींत. बिस्किटं, फरसाण, टोस्ट, मॅगी, सॉस, तयार मसाल्यांची पाकिटं, कोल्ड्रिंक, आणि संध्याकाळी "जरा खाली जाऊन काहीतरी घेऊन ये" यात.

पैसे कमी पडले की सगळ्यात आधी काय कमी करायचं?

सगळ्यात आधी काय कमी करायचं *नाही* ते सांगते. डाळ-उसळ कमी करायची नाही, मुलांचं दूध तोडायचं नाही, आणि घरातल्या बाईने स्वतःचं ताट कमी करायचं नाही. मी जितकी घरं जवळून बघितलीत त्यात पैसे आटले की वरणात पाणी वाढतं, भाताचा ढीग वाढतो, आणि शेवटी जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला वरणाचं खालचं पाणी नि चटणी येते. पोट भरतं पण अंगात काही लागत नाही, मग चक्कर, कंबरदुखी, हिमोग्लोबिन कमी, आणि वाचवलेले पैसे गोळ्यांत. असं करू नका. सगळ्यांची ताटं एकदम वाढून घ्या, स्वतःचंही, अगदी नंतर जेवणार असाल तरी भाजी-आमटी आपल्या वाटीत आधीच काढून झाकून ठेवा.

कमी काय करायचं तर पाकिटातलं खाणं, साखर, तेल आणि वाया जाणारं अन्न. या चार ठिकाणी हात घातला तर डाळीला हात लावावा लागत नाही.

तूरडाळ परवडतच नाही हो, मग वरण कशाचं करायचं?

तूरडाळीचंच वरण पाहिजे ही सवय आहे, गरज नाही. मसूरडाळ बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असते आणि शिजतेही पटकन. हरभराडाळही स्वस्त पडते. मी तूर आणि मसूर अर्धी-अर्धी मिसळून एकाच डब्यात भरते, आमटीला गूळ-आमसूल नि गोडा मसाला पडला की घरात कुणाला फरक कळत नाही. दुधी घालून हरभराडाळ, मूगडाळीची पातळ खिचडी, मेथी किंवा पालक घालून डाळभाजी, म्हणजे भाजी आणि वरण एकाच भांड्यात निघतं नि गॅसही एकदाच लागतो.

प्रोटीनच्या दृष्टीने बघायचं तर तूर, मसूर, मूग, मटकी, चवळी सगळ्यांत शंभर ग्रॅमला 22 ते 24 ग्रॅमच्या आसपासच असतं. महाग डाळीत जास्त ताकद असं काही नसतं. म्हणून त्या आठवड्यात जी स्वस्त ती घ्या. घाटावर हुलगे म्हणतात आणि कोकणात कुळीथ, तेही विसरू नका, कुळथाचं पिठलं नि भात थंडीत इतकं सुंदर लागतं की भाजीची आठवण येत नाही.

माणशी रोज 40 ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्य धरलं की चौघांचे महिन्याला 5 किलो होतात, मघाशी म्हटलं ते हेच.

एवढी कडधान्यं कोण खाणार, मुलं उसळ बघून नाक मुरडतात.

एकाच चवीची रोज केली तर कुणीही मुरडेल. पाव किलो मटकीचं मी काय करते ते सांगते. सकाळी भिजत घातली, रात्री उपसून ओल्या पंच्यात बांधून कुकरच्या रिकाम्या भांड्यात झाकून ठेवली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत अजून अर्धा दिवस लागतो. पाव किलोची फुगून दुपटीहून जास्त होते. त्यातली वाटीभर कच्ची बाजूला काढायची, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून मुलांना मधल्या वेळेला (लहान मुलं नि म्हातारी माणसं असतील तर ती वाफवूनच द्या, कच्चे मोड पोटाला बाधू शकतात). बाकीची जरा जास्त पाण्यात शिजवायची. शिजल्यावर वरचं पाणी म्हणजे कट, तो कधीही फेकायचा नाही. मटकी परतून कोरडी उसळ डब्याला, आणि त्या कटाला कांदा-खोबरं-लसणाचं वाटण नि तिखट फोडणी देऊन रात्री रस्सा, वर मूठभर उसळ आणि थोडा चिवडा टाकला की घरच्या घरी मिसळ झाली. मिसळीला नाही म्हणणारं मूल नाशकात तरी मला भेटलेलं नाही.

मूग असेल तर धिरडी करा, चवळी वाटून वडे, हरभरे उकडून चाट, वाटाणा असेल तर रगडा. उसळीवर लिंबू पिळायची सवय लावा, त्यातलं लोह अंगाला नीट लागतं, आणि जेवणासोबत चहा घेऊ नका कारण चहाने उलटं होतं.

सोयाबीनच्या वड्या, अंडी, चिकन… यात स्वस्त काय पडतं?

प्रोटीनच्या हिशोबाने सोयावड्या सगळ्यात स्वस्त, शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ निम्मं प्रोटीन असतं. गरम पाण्यात मीठ घालून भिजवा, दोनदा पिळून घ्या, वास जातो. मिक्सरला जाडसर फिरवून खिमा केला तर मुलं आवडीने खातात. पण रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

अंडं एक म्हणजे साधारण 6 ग्रॅम प्रोटीन आणि शिजवायला पाच मिनिटं. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी बिस्किटांचे पैसे अंड्यांकडे वळवावेत असं मी प्रत्येकीला सांगते. चिकनवाल्यांना एक टीप, श्रावणात गिऱ्हाईक कमी असतं त्यामुळे भाव बहुतेक उतरतो, जे श्रावण पाळत नाहीत त्यांना तो महिना स्वस्तात जातो. आणि नुसते तुकडे वाढण्यापेक्षा रस्सा जास्त करून अर्ध्या किलोत बटाटा घालून चौघांचं होतं. सुकट, जवळा, सुके बोंबीलही स्वस्त आणि पौष्टिक. पावसाळ्याआधी घेऊन नीट ऊन दाखवून हवाबंद डब्यात ठेवले की दोन महिने कांद्यात परतून भाजीचा प्रश्न मिटतो.

आमचं केशरी कार्ड आहे, रेशनवर धान्य मिळेल का?

नुसत्या रंगावर ठरत नाही. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, त्यात दोन गट आहेत. अंत्योदय कार्डाला महिन्याला कार्डामागे 35 किलो धान्य, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. केशरी कार्ड असूनही तुमचं नाव प्राधान्य यादीत घातलेलं असेल तर मिळतं, नसेल तर नाही. महाराष्ट्रात प्राधान्यसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 आणि गावात 44,000 धरलेली आहे. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं तसंच ठेवायचं ठरलंय, त्यामुळे दुकानदाराने धान्याचे पैसे मागितले तर देऊ नका, पावती मागा. तक्रारीचा नंबर 1967.

दोन गोष्टी बायका विसरतात. एक, कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं पाहिजे, अंगठा लावायचा असतो, ज्याचं राहिलं त्याच्या वाट्याचं धान्य अडकतं. दोन, कार्ड गावाकडचं असलं तरी जिथे कामाला आलात तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात तुमचं धान्य उचलता येतं, त्यासाठी गावी जायची गरज नाही. ऊसतोडीला, बांधकामावर आलेल्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, आणि महिनोन् महिने हक्काचं धान्य सोडून दुकानातून विकत घेतात. वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर नक्की सांगा.

रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे येतात, निवडून टाकायचे का?

नाही, टाकू नका. ते प्लॅस्टिक नाही. फोर्टिफाईड तांदळाचे दाणे आहेत, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून दाण्याच्या आकाराचे केलेले. शंभर दाण्यांत एखादा अशा प्रमाणात मिसळतात. रंगाला जरा वेगळे दिसतात, धुताना कधी तरंगतात, म्हणून लोक घाबरतात. ज्या घरात मुलींचं रक्त कमी आहे त्याच घरात ते दाणे वेचून फेकलेले बघितले की जीव हळहळतो. फक्त घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

जाड तांदूळ भाताला आवडत नसेल तर इडली-डोशाला वापरा, अगदी छान होतात. दळून आणून भाकरी, घावन, धिरडी करा. आणि चांगला तांदूळ फक्त वरणभातापुरता ठेवा.

वर्षाचं धान्य एकदम भरणं खरंच परवडतं का?

हातात पैसे असतील तर हो, कर्ज काढून नाही. नवीन गहू मार्च ते मे मध्ये येतो तेव्हा भाव बरा असतो, नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते त्यामुळे तूरडाळ फेब्रुवारीनंतर भरायची, हरभराही त्याच सुमारास. मिरची फेब्रुवारी ते एप्रिल, चिंच उन्हाळ्याच्या तोंडावर. तांदूळ दिवाळीनंतर, पण अगदी नवा तांदूळ चिकट होतो, तो जरा मुरू द्यायचा.

एकदम सगळं जमत नसेल तर एका वर्षी एकच वस्तू धरा. आमच्या गटातल्या चौघी-पाचजणी मिळून पंचवटीच्या मार्केट यार्डात जातात, पोतं घेतात नि वाटून घेतात, रिक्षाचं भाडंही वाटलं जातं. यात एक बारीक फायदा आहे. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-आट्यावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. त्यामुळे चकचकीत पिशवीतली डाळ आणि पोत्यातली डाळ यांच्या भावातला फरक नुसता पिशवीचा नसतो.

भरलेलं धान्य किडतं, टोके होतात, काय टाकू?

आधी कडकडीत ऊन, मग पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरलं तर आत घाम येतो आणि तिथूनच बिघडतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला तळाला, मधे आणि वर. डाळींना थोडं एरंडेल चोळून ठेवतात ते चांगलं टिकतं, शिजवायच्या आधी गरम पाण्याने धुवायचं. घेताना दर वेळी कोरड्या हाताने.

एक हात जोडून सांगणं, धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या, ज्यांचा गॅस होतो, सल्फास म्हणून मिळतात, त्या घरात अजिबात आणू नका, डब्यात नको, कोठीत नको, बंद खोलीत तर नकोच. त्या गॅसने झोपेत माणसं गेली आहेत. दोन किलो गहू किडला तर किडू दे.

कांदा कधी भरायचा? मागच्या वर्षी भरलेला सगळा सडला.

उन्हाळ कांदाच भरायचा, एप्रिल-मे मध्ये निघतो तो. तो चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसा आणायचा. भाव चढतात ते बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी-दिवाळीच्या आसपास, जुना संपत आलेला असतो आणि नवा अजून आलेला नसतो, तेवढा काळ घरातल्या कांद्यावर निघाला की जिंकलं. आमच्याकडे लासलगाव-पिंपळगाव जवळ त्यामुळे गोणी मिळणं सोपं जातं, पण मेमध्ये गावोगाव टेम्पो येतातच.

घेताना मान बघा. बारीक, सुकलेली, पिळल्यासारखी बंद मान असलेला कांदा टिकतो, जाड मानेचा आधी सडतो. वरची पत्ती कोरडी हवी, बोटाने दाबल्यावर कुठे मऊ लागायला नको, जोडकांदा नको. घरी आणला की गोणीतून लगेच काढा. गोणपाटावर एक थर पसरा, वारा लागेल अशा जागी, ऊन-पाऊस नको, बटाट्याशेजारी नको. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ झालेला उचलून आधी वापरायचा, एक सडका दिसला की त्याच्या शेजारचे पुसून बाजूला करायचे. तुमचा कांदा सडला तो बहुतेक गोणीतच ठेवला म्हणून.

भाजीवर फार पैसे जातात, कसे वाचवू?

ऋतूची भाजी घ्या आणि बाजार उठायच्या वेळेला जा. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजीच्या जुड्या, टोमॅटोचे वाटे खूप कमी भावात मिळतात कारण शेतकऱ्याला ते परत न्यायचं नसतं. दिवेलागणीला जायचं, पण उजेडात बघून घ्यायचं, आणि ती पालेभाजी त्याच रात्री निवडून कोरड्या कपड्यात गुंडाळायची, सकाळवर टाकायची नाही. घासाघीस मात्र शेतकऱ्याशी फार करू नका, त्याचंही घर आहे.

थंडीत मेथी, वाटाणा, गाजर, टोमॅटो, फ्लॉवर भरपूर असतं, तेव्हा भाजीच खा. उन्हाळ्यात आणि जूनमध्ये भाज्या कडाडतात तेव्हा कडधान्य, पिठलं, सांडगे, वाळवणं यांचा महिना. श्रावणात टाकळा, कुर्डू, आघाडा अशा रानभाज्या आदिवासी बायका विकायला आणतात, स्वस्त असतात, ओळखीच्या बाईकडून घ्या आणि कशी करायची तेही तिलाच विचारा.

आणि टाकता काय ते बघा. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची तिळ घालून चटणी, मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. हे आपल्या आज्या करतच होत्या.

तेल कितीही आणलं तरी पुरत नाही.

पाच लिटरचा कॅन ओट्यावर ठेवला की पुरणारच नाही. माणशी दिवसाला 20-25 ग्रॅम तेल खूप झालं, त्या हिशोबाने चौघांना तीन लिटर. आठवड्याचं पाऊण लिटर वेगळ्या बाटलीत काढा, ती बाटली पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. पळीने घाला, बाटलीतून थेट कढईत ओतू नका. शुक्रवारी बाटली तळाला गेली की आपोआप शनिवार-रविवारी उकडलेलं, भाजलेलं, भाकरी-पिठलं होतं.

पाकीट घेताना वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम. काही पाकिटं दिसायला तेवढीच पण आत 750 मिली किंवा 800 ग्रॅम असतात, किंमत कमी दिसते म्हणून आपण उचलतो. सुटं तेल मात्र घेऊ नका, भेसळ ओळखता येत नाही. हळद-तिखटाचंही तेच, सुटी पावडर घेण्यापेक्षा हळकुंड नि मिरची आणून डंकावर कुटून घ्या. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, एकदा गाळून फोडणीला वापरून दोन दिवसांत संपवा.

वाण्याकडून घेऊ, मॉलमधून की ॲपवरून?

ठरलेली यादी घेऊन जिथे भाव कमी तिथून. मॉलमध्ये डाळ-साखर कधी स्वस्त असते हे खरंय पण ट्रॉली भरते ती भलत्याच गोष्टींनी. मुलांना न नेता, जेवून, यादी नि मोजके पैसे घेऊन जा. दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपचं म्हणाल तर मला ते टाईट बजेटला अजिबात पटत नाही. डिलिव्हरी, हँडलिंग असे बारीक बारीक चार्ज लागतात आणि ते चुकवायला आपण अजून शंभराचं सामान टाकतो. पाकिटावर एमआरपीशेजारी ग्रॅममागे किंमतही छापलेली असते, ती बघून मोठं पाकीट खरंच स्वस्त आहे का ते ताडा, दर वेळी नसतं.

वाण्याकडे उधारीचं खातं आहे, बंद करू का?

एकदम बंद नका करू, अडीनडीला तोच उभा राहतो. पण वहीवर घेताना आपण भाव विचारत नाही, आणि मूल जाऊन काहीही लिहून आणतं. म्हणून दोन नियम. वहीवर फक्त यादीतला किराणा, खाऊ रोखीने. आणि दर रविवारी वही घरी आणून बेरीज स्वतः करायची. जुनी बाकी असेल तर महिन्याला ठरावीक रक्कम त्यात भरत जा, त्याला तसं सांगा, बहुतेक दुकानदार समजून घेतात.

मुलं रोज पाच-दहा रुपये मागतात, तेवढ्याने काय होतं?

दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट उलटं करून वजन वाचा. साधारण 20-25 ग्रॅम असतं, म्हणजे किलोला चारशे-पाचशे रुपये झाले आणि मिळालं काय तर बटाटा, तेल, मीठ. दोन मुलांना रोज दहा-दहा म्हणजे महिन्याचे 600, त्यात दोन ट्रे अंडी आणि वर शेंगदाणे येतील. पण नुसतं "नाही" म्हणून चालत नाही, घरात दुसरं काही तयार पाहिजे. शेंगदाणा-गुळाचे लाडू, भाजके पोहे नि दाण्यांचा चिवडा, राजगिरा वडी, केळं, उकडलेले हरभरे, भाजणीचं थालीपीठ. शेंगदाणे मात्र खवट, काळपट, बुरशी आलेले घेऊ नका, स्वस्त मिळाले तरी नको, ते पोटात जाणं चांगलं नाही. आठवड्यात एक दिवस ठरवून द्या, त्या दिवशी आवडीचं पाकीट आणू द्या. तेवढं मुलांनाही पाहिजेच ना.

भाकरी पोळीपेक्षा स्वस्त पडते ना?

बाजरीची पडते बऱ्याचदा. ज्वारीची आता पडेलच असं नाही, चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग असते. रेशनचा गहू मिळत असेल तर रोजची पोळी आणि आठवड्यातून दोन-तीनदा बाजरी किंवा तांदळाची भाकरी असं बसवा. भाकरीला तेल लागत नाही, तेवढं तेलही वाचतं.

गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर?

मग काटकसर तिच्या ताटातून नाही म्हणजे नाही. अंगणवाडीत नाव घाला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायला आहार मिळतो, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला दुपारचं जेवण मिळतं. यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्याच करातून चालतं ते. फक्त अंगणवाडीतून आलेलं पाकीट घरात सगळ्यांत वाटलं जातं, ते तिचंच आहे हे सासूबाईंनी लक्षात ठेवलं तर फार बरं होईल.

बाळाच्या दुधात पाणी घालू नका, आणि सहा महिन्यांनंतर महागड्या डब्यांऐवजी मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं द्या.

पाहुणे आणि सणवार?

दिवाळीसाठी दर महिन्याला थोडे बाजूला काढा, भिशी असेल तर उत्तम. फराळाचे सगळे प्रकार करायची गरज नाही, चिवडा, शंकरपाळे आणि एक लाडू पुरे. अचानक पाहुणे आले तर झुणका-भाकरी-ठेचा आणि ताक करा, शहरात लोक हॉटेलात पैसे मोजून तेच खातात.

महिन्याचा शेवटचा आठवडा… हातात काहीच नसतं. काय शिजवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्या आठवड्यासाठी पहिल्या तारखेलाच एक वेगळा डबा भरून वर ठेवायचा. अर्धा किलो बेसन, अर्धा किलो मूगडाळ, अर्धा किलो मसूर, पाव किलो मटकी, पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो पोहे, थोडी आमसुलं, लसणाचा गड्डा. तो डबा 24 तारखेपर्यंत उघडायचा नाही. यावर आठवडा असा निघतो : पिठलं-भाकरी, मूगडाळ खिचडी नि भाजलेला पापड, मसूर आमटी-भात-शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, कांदापोहे रात्रीच्या हलक्या जेवणाला, बेसनाच्या वड्या घालून पातळ रस्सा, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या डाळी एकत्र भिजवून वाटून धिरडी. शिळी पोळी उरली तर कांद्यावर फोडणी देऊन सकाळचा नाश्ता, शिळा भात उरला तर थालीपिठात.

ज्या महिन्यात तेवढा डबाही भरता आला नाही, पगार थकला, काम सुटलं, त्या महिन्यात गप्प बसून उपाशी राहू नका. शेजारणीला सांगा, बचत गटाच्या ताईला सांगा, गटातून छोटं अंतर्गत कर्ज मिळतं ते सावकारापेक्षा कितीतरी बरं. आमच्याकडे तर आम्ही सरळ शिधाच देतो, ज्वारी, डाळ, तेल, आणि पुढच्या दोन महिन्यांत जमेल तसं ती बाई परत भरते.